इलेक्ट्रिकलमध्ये यायचंय, पण लेव्हल कोणती? आयटीआय, डिप्लोमा, बीई की एमटेक, ठरवायचा नीट क्रम

जून लागला की नागपुरात सदर भागातल्या पॉलिटेक्निकपासून हिंगणा रोडच्या कॉलेजांपर्यंत तेच प्रश्न ऐकू येतात. बीएस्सी झालंय, आता इलेक्ट्रिकल करायचंय, सरळ एमटेक होते का? मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, बुटीबोरीत नोकरी करून राहिलो, लाइन बदलायची आहे, काय करू? बारावी कॉमर्स, वय २६, महावितरणमध्ये लागायचंय, बीई करू का? आणि बहुतेक लोकं करतात काय, तर आधी कॉलेज पकडतात, मग फी बघतात, मग मित्राला विचारतात, आणि तीन-चार वर्षांनी नोकरीची जाहिरात उघडली की कळतं, पात्रतेच्या ओळीत आपण बसतच नाही. क्रमच उलटा आहे. खाली तो सरळ करून देतो. इलेक्ट्रिकलला स्कोप आहे का वगैरे इथे नाही, यायचं पक्कं आहे असं धरूनच लिहिलंय.

## १. आधी जाहिरात वाचा, कॉलेज नंतर

ज्या कामात शिरायचंय त्याच्या जुन्या चार-पाच जाहिराती डाउनलोड करा. नवीन निघायची वाट बघू नका, मागच्या दोन-तीन वर्षांच्या चालतात. एका कागदावर प्रत्येकीचं पद, पात्रता, ब्रँचचं नाव आणि वय एवढंच उतरवा. पगार सध्या लिहू नका, तो लिहिला की डोकं तिकडेच जातं.

आता काय दिसतं बघा. महावितरणची विद्युत सहाय्यकची जाहिरात २०२३ च्या डिसेंबरमध्ये आली होती, ५३४७ पदांची. त्यात मागितलं होतं आयटीआयचं वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्रीचं (वायरमन) प्रमाणपत्र, आणि खुल्या गटाला वय १८ ते २७. बीई मागितलेलीच नव्हती. म्हणजे वरचा तो २६ वर्षांचा कॉमर्सवाला बीई करायला निघाला तर ज्या पदासाठी निघाला त्याला डिग्री चालत नाही, आणि आयटीआय करायला निघाला तर दोन वर्षांनी खुल्या गटातून वय संपलेलं असतं. त्याने हे आत्ता बघितलं तर दुसरं पद तरी शोधता येईल.

त्याच कंपनीत पदविका शिकाऊ अभियंता वेगळं पद, पदवीधर शिकाऊ अभियंता वेगळं. एसएससी जेईला, म्हणजे केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या ज्युनियर इंजिनिअर भरतीला, डिप्लोमा किंवा डिग्री दोन्ही चालतं, पण बहुतेक खात्यांत वय ३० पर्यंतच. गेटच्या (एमटेक प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा) स्कोअरवर भरती करणाऱ्या सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत साधारणपणे इलेक्ट्रिकलमधली बीई किंवा बीटेक असं स्पष्ट लिहिलेलं असतं. स्वतःचं कॉन्ट्रॅक्टिंग करायचं असेल तर खेळ लायसन्सचा आहे, आयटीआयवाल्याला वायरमनचा परवाना, डिप्लोमा-डिग्रीवाल्याला ठरावीक अनुभवानंतर सुपरवायझरचं प्रमाणपत्र, त्यासाठी विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन सध्याचे नियम विचारून घ्या.

बुटीबोरी-हिंगण्याच्या प्रायव्हेट कंपन्यांत एवढा काटेकोरपणा नसतो, तिथे मेंटेनन्सला डिप्लोमावाला आणि बीईवाला एकाच शिफ्टमध्ये एकाच पॅनलसमोर उभे दिसतील. फरक पुढे पडतो, प्रमोशनला.

थांबा : एमटेक इलेक्ट्रिकल केलं म्हणून खालची बीई आपोआप इलेक्ट्रिकलची होत नाही. जाहिरातीत बॅचलर डिग्री विशिष्ट ब्रँचची मागितली असेल तर वरच्या डिग्रीने ती भरून निघत नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण ती कळते तेव्हा दोन वर्षं आणि फी दोन्ही गेलेलं असतं.

चेक : कागदावर निदान तीन पदं अशी हवीत की डिग्री पूर्ण होईल त्या वर्षीच्या तुमच्या वयाला ती चालतात. आजचं वय नका धरू.

## २. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत

इथे लोकं स्वतःला एक पायरी वर समजतात नाहीतर एक पायरी खाली. आपापलं बघा.

दहावी झाली, पुढचं सगळं आर्ट्स-कॉमर्स. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला दहावीच्या मार्कांवर घेतात, निदान ३५ टक्के हवेत. तुम्ही बीकॉम असलात तरी रस्ता हाच, तीन वर्षं. मग डिप्लोमाच्या जोरावर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तिथे बारावीला गणित होतं की नव्हतं हे कुणी विचारत नाही. बारावीला गणित नसलेल्यांसाठी सगळ्यात सरळ वाट हीच आहे, लांब आहे पण सरळ आहे.

बारावी सायन्स, फिजिक्स-गणित घेऊन. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्या आणि बीईच्या पहिल्या वर्षाला बसा. तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव गटाला ४०. सीईटीला वयाची वरची अट नाही, त्यामुळे २५ व्या वर्षीही देता येते, फक्त बाजूला बसलेली पोरं १७-१८ ची असतात एवढं मनाला सांगून जा. दुसरा पर्याय डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा, दोन वर्षांत डिप्लोमा हातात. व्हीएनआयटी, म्हणजे नागपूरचं एनआयटी, हवं असेल तर जेईई मेन, तिथे डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश नाही.

आयटीआय दोन वर्षांचा झालेला. डिप्लोमाचं थेट दुसरं वर्ष उघडं आहे. हात चांगला चालतो पण गणित कच्चं, त्यावर खाली चौथ्या भागात बोलू.

दुसऱ्या ब्रँचचा डिप्लोमा. मेकॅनिकल-सिव्हिलवाले बहुतेक असं समजतात की इलेक्ट्रिकलसाठी डिप्लोमा पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल. तसं नाही. डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगच्या कोणत्याही ब्रँचचा डिप्लोमा चालतो, ४५ टक्के आणि राखीव गटाला ४०. सीईटी नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर मेरिट लागतं. कागदावर सोपं आहे, वर्गात नाही, कारण तुम्ही मशीन्सचा एकही विषय न शिकता अशा पोरांत बसता ज्यांनी तीन वर्षं तेच केलंय.

बीएस्सी. तुम्हालाही थेट दुसरं वर्ष आहे, अट ही की बारावीला गणित हवं आणि बीएस्सीला ४५ टक्के, राखीवला ४०. पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, आधी डिप्लोमावाल्यांच्या जागा भरतात, उरलेल्यात तुम्ही. दुसरी, पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स हे दोन विषय दुसऱ्या वर्षाच्या विषयांसोबत पास करावे लागतात. फिजिक्समध्ये ७५ टक्के घेतलेली मुलं ग्राफिक्सला लटकतात, कारण शीटवर बसून हाताने काढायची सवयच नसते.

बीई दुसऱ्या ब्रँचची. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना एमटेकचं दार कधी उघडतं, मेकॅनिकल-सिव्हिल-कॉम्प्युटरवाल्यांना क्वचित. व्हीएनआयटीच्या इलेक्ट्रिकल विभागात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्ह्ज आणि इंटिग्रेटेड पॉवर सिस्टिम्स असे एमटेक आहेत. गेटचा इलेक्ट्रिकल पेपर तुम्ही कोणत्याही ब्रँचचे असलात तरी देऊ शकता, पण पेपर देता येणं वेगळं आणि सीट मिळणं वेगळं. प्रत्येक कोर्सपुढे कोणती बॅचलर डिग्री आणि कोणता गेट पेपर चालतो त्याचा तक्ता असतो, तो फॉर्म भरायच्या आधी बघा. ऑटोमेशन किंवा ईव्हीसारख्या प्रायव्हेट कामात जायचं असेल तर मेकॅनिकलवाल्याला कदाचित नवीन डिग्री लागणारही नाही, त्याच कंपनीत विभाग बदलून मागा, जास्त पटकन होतं.

चेक : तुमच्या पायरीवरून जाहिरातीतल्या पात्रतेपर्यंत एक रेघ ओढा. मध्ये तुटत असेल तर ती लेव्हल तुमची नाही.

## ३. काम कोणतं आवडतं ते एका मोटरवर तपासा

पदवीची नावं ऐकून कामाचा अंदाज येत नाही, म्हणून एक साधी मोटर घेऊ. १० एचपीची थ्री फेज इंडक्शन मोटर, ४१५ व्होल्ट, एफिशियन्सी ८७ टक्के, पॉवर फॅक्टर ०.८५. फुल लोडला साधारण १४ अँपिअर घेते. तिला स्टार-डेल्टा स्टार्टर लावायचाय, म्हणजे चालू होताना करंट कमी ठेवणारा.

आयटीआयवाला वायरिंग करतो. सहा टर्मिनल ओळखणं, तीन कॉन्टॅक्टर जोडणं, टायमर, इंटरलॉक, वायरच्या टोकाची लग नीट दाबणं, मेगर लावून इन्सुलेशन तपासणं. मोटर उलटी फिरली तर दोन फेज बदलून देणार तोच.

डिप्लोमावाला ठरवतो की कॉन्टॅक्टर किती अँपिअरचा, केबल किती स्क्वेअरची, ओव्हरलोड रिले कुठे बसवायचा. रिले लाइनमध्ये नाही तर वाइंडिंगच्या वाटेत बसवला तर सेटिंग १४ नाही, १४ गुणिले ०.५८ म्हणजे ८ च्या आसपास. हे न कळणाऱ्याने १४ वर ठेवलं की मोटर जळते आणि रिले मात्र ट्रिप होत नाही, मग सगळे वायंडरला शिव्या घालतात.

बीईवाल्याला विचारलं जातं की डायरेक्ट ऑनलाइन चालू केली तर सहापट, म्हणजे ८४ अँपिअर जातील, स्टारमध्ये लाइनचा करंट एक तृतीयांश होऊन २८ वर येईल, पण टॉर्कही एक तृतीयांशच होतो, मग लोड लावलेला कॉम्प्रेसर उठेल का? आणि त्या वेळी ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज किती पडेल?

एमटेकवाला त्या मोटरला ड्राइव्ह लावून तिचा कंट्रोल अल्गोरिदम लिहितो, हार्मोनिक्स मोजतो, आठवडाभर सिम्युलेशनसमोर बसतो आणि मोटरला कदाचित हातही लावत नाही.

आता प्रामाणिकपणे बघा, यातलं कोणतं वाचताना डोळे थांबले. पॅनल उघडून बघायची खाज असलेला माणूस एमटेकला जाऊन कंटाळलेला आणि गणितात रमणारा वायरिंगला जाऊन चिडलेला, दोन्ही नागपुरात भरपूर सापडतील.

थांबा : खालची लेव्हल म्हणजे कमी अक्कल, हे डोक्यातून काढा. घरच्यांच्याही काढा, ते जास्त अवघड आहे.

## ४. गणिताची चाचणी, फॉर्म भरायच्या आधी

एक संध्याकाळ द्या. प्रश्न असा : ३० ओहमचा रेझिस्टन्स आणि ४० ओहमचा इंडक्टिव्ह रिअ‍ॅक्टन्स सिरीजमध्ये, २३० व्होल्ट एसी. करंट किती, पॉवर फॅक्टर किती, वॅट किती?

- ७० ओहम धरून ३.३ अँपिअर काढलं असेल तर एसी सर्किट अजून शिकायचंय. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून सुरू करणं तुमच्या फायद्याचं, थेट दुसऱ्या वर्षाच्या मागे लागू नका.
- ५० ओहम, ४.६ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.६ लॅगिंग आणि साधारण ६३५ वॅट आलं तर डिग्रीचं दुसरं वर्ष झेपायला सुरुवात तरी होईल.
- हेच कॉम्प्लेक्स नंबरने, ३० + ४०जे लिहून, फेजर काढून सोडवता आलं आणि स्विच चालू केल्या केल्या पहिल्या काही मिलिसेकंदांत काय होतं त्याचं डिफरन्शियल इक्वेशन मांडता आलं तर बीई तर आहेच, पुढे गेटही करण्यासारखं आहे.

थेट दुसऱ्या वर्षाला आलेली पोरं कुठे अडकतात माहितीये का, मशीन्सला नाही, तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताला. लाप्लास, फुरिअर सुरू होतात आणि पहिल्या वर्षाचं इंटिग्रेशन यांनी केलेलंच नसतं.

## ५. वर्षं मोजा, पण नुसती वर्षं नका मोजू

बारावी गणितासह असेल तर सरळ बीई ४ वर्षं. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षातून गेलात तर २ अधिक ३, म्हणजे ५. एक वर्ष जास्त, पण दोन वर्षांनी हातात डिप्लोमा असतो आणि डिग्री नाही झेपली तरी नोकरी लागते. घरची परिस्थिती डळमळीत असेल तर मी हाच रस्ता सुचवतो. बारावीला गणित नाही, तर ३ अधिक ३, म्हणजे ६. आयटीआयपासून चढत आलात तर २ अधिक २ अधिक ३, म्हणजे ७, मात्र मध्ये प्रत्येक टप्प्याला कमाई करता येते.

पैशाच्या हिशेबात फीसोबत बंद झालेला पगारही धरा. तिकडे एमटेकला गेटवर सीट मिळाली तर महिन्याला १२,४०० स्टायपेंड असतो, बीईला असं काही नसतं. आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची स्कॉलरशिप दुसऱ्यांदा त्याच लेव्हलच्या कोर्सला, किंवा मोठा गॅप असताना, मिळेलच असं धरू नका. योजनेची अट वाचा, कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला विचारा, आणि ती न मिळता घर चालतं का ते बघा.

## ६. नोकरी न सोडता करायचंय? इथे फसवणूक जास्त आहे

घरी बसून बीटेक, एका वर्षात डिप्लोमा, सिंगल सिटिंग, अशा पाट्या आणि मेसेज येत राहतात. दूरस्थ पद्धतीने मिळवलेल्या इंजिनिअरिंग डिग्रीविरोधात सुप्रीम कोर्टाने ३ नोव्हेंबर २०१७ ला निकाल दिलेला आहे आणि दूरशिक्षणाच्या नियमांत इंजिनिअरिंग बसतच नाही. ज्याच्या तोंडी एएमआयई (इंजिनिअरांच्या संस्थेची बाहेरून द्यायची परीक्षा) असेल त्याला सांगा, ३१ मे २०१३ नंतर नाव घातलेल्यांची ती सरकारी नोकरीसाठी डिग्रीच्या बरोबरीची धरत नाहीत.

कायदेशीर वाट आहे ती म्हणजे एआयसीटीईने (तांत्रिक शिक्षणाला मंजुरी देणारी केंद्राची परिषद) नोकरदारांसाठी मंजूर केलेले सोयीच्या वेळेचे डिप्लोमा-डिग्री कोर्स. त्यात निदान एक वर्षाचा अनुभव आणि कंपनी कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत असणं अशा अटी असतात. नागपुरात यंदा कोणत्या कॉलेजला इलेक्ट्रिकलसाठी मंजुरी आहे ते एआयसीटीईच्या यादीत बघा, कॉलेजच्या बॅनरवर नाही.

चेक : बुटीबोरीला रोटेशन शिफ्ट असेल तर आधी एचआरकडून लेखी घ्या की संध्याकाळी सोडतील. तोंडी हो म्हणणारा सुपरवायझर सहा महिन्यांनी बदलून जातो आणि तुमची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली येते.

## ७. कागदं, यातच अर्धे लोक गळतात

लाइन बदलणाऱ्याची कागदं सरळ बारावीतून आलेल्या पोरापेक्षा जास्त लागतात आणि जुन्या कॉलेजात अडकलेली असतात.

टीसी आधी काढा. ती नोकरीच्या ठिकाणी जमा असते किंवा जुन्या कॉलेजात पडून असते, आणि तिथला क्लार्क उन्हाळ्यात सुटीवर असतो. गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. सीजीपीएवाल्यांनी टक्क्यांत बदलून दिलेलं विद्यापीठाचं पत्र घ्या. राखीव गटातून जाणार असाल तर जात प्रमाणपत्र पुरत नाही, पडताळणी लागते, आणि ती महिनोन्‌महिने चालते म्हणून निकालाची वाट न बघता आजच अर्ज टाका. नॉन क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएसची तारीख चालू वर्षाची हवी. डोमिसाइल आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचाही फरक असेल तर तो आधी मिटवा.

वेळेचं गणित साधारण असं : गेटचा फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास आणि परीक्षा फेब्रुवारीत, सीईटीचा फॉर्म हिवाळ्यात आणि परीक्षा एप्रिल-मेच्या सुमारास, डिप्लोमा पहिल्या वर्षाचे फॉर्म दहावीच्या निकालानंतर, थेट दुसऱ्या वर्षाचे त्याच्या पुढे. नेमक्या तारखा सीईटी सेल आणि तंत्रशिक्षण विभागाच्या साइटवरच बघायच्या, व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो कधी मागच्या वर्षीचा असतो.

## ८. पर्याय भरताना ब्रँचचं नाव अक्षरशः वाचा

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये कॉलेज-ब्रँचचे पर्याय पसंतीच्या क्रमाने भरायचे असतात. त्या यादीत इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन अशी मिळतीजुळती नावं खाली-वर असतात. पहिल्या भागातला तो जाहिरातींचा कागद काढा आणि तुमच्या जाहिरातींत नेमकं काय छापलंय त्याच्याशी जुळवा. टेलिकम्युनिकेशन घेऊन पुढे कसंही करून महावितरणमध्ये घुसू, हा प्लॅन जाहिरातीशी भिडला की फुटतो.

पहिला पर्याय विचार करून टाका. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. नुसतं बघू म्हणून घराजवळचं कॉलेज वर टाकणारे इथेच अडकतात. नागपुरात इलेक्ट्रिकलसाठी खापरीजवळचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण, काटोल रोडचं रामदेवबाबा असे बीईचे पर्याय आहेत, डिप्लोमासाठी सदरचं शासकीय तंत्रनिकेतन, आयटीआयसाठी श्रद्धानंदपेठेतली शासकीय संस्था. कोणतं चांगलं यावर मी बोलणार नाही, स्वतः जा आणि मशीन लॅब बघून या. मोटर-जनरेटर सेटवर धूळ आहे की कालच्या प्रॅक्टिकलच्या वायरी लटकून आहेत, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. आणि हो, आयटीआय घेताना ट्रेड एनसीव्हीटीचा, म्हणजे केंद्राच्या मान्यतेचा, आहे ना ते विचारा, जाहिरातींत तेच मागतात.

## ९. प्रवेश मिळाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत

सीट पक्की झाली की लोकं महिनाभर ढिले सोडतात. थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्याने तर अजिबात सोडू नये, कारण याचे प्रवेश उशिरा संपतात आणि तोवर वर्गात दोन-तीन युनिट झालेले असतात.

या क्रमाने करा : आधी कॉम्प्लेक्स नंबर आणि फेजर, मग डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन, मग साधी डिफरन्शियल इक्वेशन्स, मग लाप्लास. सोबत किरचॉफचे नियम, थेवेनिन, नॉर्टन. मशीन्सला हात लावायची घाई नको, हे जमलं की मशीन्स आपसूक कळतात. बीएस्सीवाल्यांनी ग्राफिक्सची शीट आठवड्याला दोन तरी काढायची, नुसते व्हिडिओ बघून प्रोजेक्शन जमत नाही. मेकॅनिकलच्या डिप्लोमावाल्यांना ग्राफिक्स येतं, त्यांनी तो वेळ सर्किटला द्या. आयटीआयवरून डिप्लोमाला गेलेल्यांनी त्रिकोणमिती आणि मॅट्रिक्स आधी उरकून घ्या, दुसऱ्या वर्षाच्या वर्गात ते येतंच असं धरून शिकवतात.

सीनियरकडून मागच्या तीन परीक्षांचे गणिताचे पेपर आणा आणि पहिल्या पंधरा दिवसांत एक वेळ लावून सोडवा. निम्मेही प्रश्न सुटले नाहीत तर लगेच शिकवणी लावा, पहिल्या सेशनलचे मार्क यायची वाट बघू नका.